बाळ-बाळंतीण सुखरूप : एका वाक्याचा अभ्यास



"बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत." इस्पितळाच्या दारात ताटकळणाऱ्या माणसांच्या कानांवर हे वाक्य पडले की कोणी हात जोडते, कोणी पेढे आणायला धावते, कोणी गावाकडे फोन लावते. हे वाक्य आता इतके नेहमीचे झाले आहे की त्यातल्या 'सुखरूप' या शब्दाकडे आपले लक्षही जात नाही. आजच्या पाठात आपण त्याच एका शब्दाचा अभ्यास करू. बाळ सुखरूप जन्मते, वर्षाचे होते, धावू लागते आणि एक दिवस दप्तर घेऊन शाळेत येते. यामागे कोणाकोणाचे हात असतात? ज्या घरात असे हसते-खेळते मूल आहे, त्या घराने आभार मानायचे ते कोणाचे?

माझी मुलगी नुकतीच वर्षाची झाली. ती निरोगी आहे. म्हणून हा प्रश्न मला पडला आणि त्याचे उत्तर शोधताना जे वाचले, ऐकले, पाहिले ते या पाठात मांडत आहे.

१. चालीरीतींत दडलेली भीती

आपल्या घरी बाळ जन्मले की पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाईची पूजा होते. पाट मांडतात, दिवा लावतात, घरातल्या बायका जागतात. सटवाई त्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिते, अशी समजूत आहे. आपल्या बडोद्यात शेजारच्या गुजराती घरीही 'छठी' असते. तिथे पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, कारण त्यांच्याकडे विधाता लिहायला येतो. बाराव्या दिवशी आपल्याकडे बारसे होते आणि आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. गुजराती घरी नाव ठेवण्याचा मान फोईचा, म्हणजे आत्याचाच.

श्रावणातल्या शुक्रवारी आई जिवतीच्या कागदाची पूजा करते, मुलांना ओवाळते. जी मुले परगावी असतात त्यांच्यासाठी ती चारही दिशांना अक्षता टाकते. श्रावणाच्या अखेरीस पिठोरी अमावास्या येते. तिच्या कहाणीतली सून दरवर्षी त्याच तिथीला बाळंत होते आणि दरवर्षी तिचे मूल जाते. शेवटी तिला घराबाहेर काढतात. पुढे तिची सगळी मुले तिला परत मिळतात आणि ती घरी येते.

या चालीरीती आपण हौसेने करतो, पण त्या कशाने सुरू झाल्या असतील याचा विचार करून पाहा. ज्या समाजात मुले जगत होती त्या समाजाला जिवती लागली असती का? मूल गेल्यामुळे घराबाहेर काढलेल्या सुनेची कहाणी कोणी रचली असती का? नाळ अस्वच्छ हत्याराने कापली तर नवजात बाळाला धनुर्वात होतो. त्याची लक्षणे बहुधा जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत दिसू लागतात. पाचवीची रात्र नेमकी याच दिवसांत येते. पूर्वीच्या बायकांना जंतू ठाऊक नव्हते, पण कोणत्या रात्री जागायचे हे अनुभवाने चांगले ठाऊक होते. बाळांचा आणि मातांचा हा धनुर्वात भारतात अगदी कमी झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केले. स्वच्छ बाळंतपण आणि गरोदरपणी आईला टोचलेली लस, या दोन गोष्टींनी हे काम केले.

२. दहा दिवसांचा मुलगा

आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्या सर्वांना माहीत आहे. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाईंचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, हे त्यांच्या मनाने घेतले. बायकांवर उपचार करायला बाईच डॉक्टर हवी, या जिद्दीने १८८३ मध्ये त्या एकट्या अमेरिकेला गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. आपल्या प्रबंधासाठी त्यांनी प्रसूतिशास्त्राचाच विषय निवडला होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली, पण क्षयाने त्यांना गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. तेव्हा त्यांना बाविसावे वर्ष चालू होते.

'पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक' असे आपण परीक्षेत लिहितो आणि गुण मिळवतो. त्या उत्तरामागे एका चौदा वर्षांच्या आईचे दुःख आहे, हे लिहायचे राहून जाते. आज प्रसूतिगृहात आपल्या लेकी-सुनांना तपासायला डॉक्टरीणबाई येतात, तेव्हा त्या दहा दिवसांच्या मुलाचीही आठवण ठेवावी.

३. हजारातली मुले

आता थोडे गणित. जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी जितकी बाळे एक वर्षाची होण्याआधी दगावतात, त्या संख्येला 'अर्भक मृत्युदर' म्हणतात. सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार १९७१ मध्ये भारतात हा दर १२९ होता. २०२० मध्ये तो २८ झाला.

हे आकडे वर्गात मांडून पाहू. १९७१ च्या दराने जवळजवळ प्रत्येक आठ बाळांतले एक बाळ पहिला वाढदिवस पाहत नव्हते. चाळीस मुलांच्या वर्गाचा विचार केला तर पाच बाके रिकामी. २०२० च्या दराने चाळीसांतले साधारण एक. आपल्या आजी-आजोबांना विचारा. बहुतेक घरांत त्यांच्या भावंडांपैकी एखादे 'लहानपणीच गेले' असे उत्तर मिळेल. पुष्कळदा त्या भावंडाचे नावही आता कोणाला सांगता येत नाही.

२८ हा आकडाही समाधानाचा नाही. ती २८ बाळेही कोणाची तरी आहेत. पण १२९ पासून २८ पर्यंतची ही वाट आपोआप सरलेली नाही. ती कोणी चालवली, ते पुढे पाहू.

४. ओळख नसलेले हात

एका मुलीचा दंड : पूर्वी देवी या रोगाने असंख्य मुले जात, कित्येकांची दृष्टी जाई. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये देवीची लस टोचून दाखवली. भारतात ही लस पहिल्यांदा १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तेव्हा शीतपेटी नव्हती. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातला द्रव घेऊन तो दुसऱ्याला टोचायचा, अशीच लस जिवंत ठेवावी लागे. त्या चिमुकलीच्या दंडातून ती पुढच्या मुलांकडे गेली आणि तिथून देशात पसरली. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आजीच्या दंडावरचा तो मोठा खोलगट वण म्हणजे या लढाईची खूण आहे.

मीठ, साखर आणि पाणी : हगवणीने मूल दगावते ते मुख्यतः अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. नुसते पाणी पाजून भागत नाही. पाण्यात मीठ आणि साखर योग्य प्रमाणात असली तर आतड्यातून साखर आत जाताना मिठाला बरोबर नेते आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत शोषले जाते. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधील बनगाव येथे, पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज आणि क्षार मिसळलेले पाणी पिंपांत भरून ठेवले आणि ते रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हातून पाजायला लावले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. आज औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी ती हीच. २०२२ मध्ये डॉ. महालनबीस वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. त्या पुडीने ज्यांची मुले वाचली त्यांतल्या फार थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक होते.

गावातली आरोग्यदूत : गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी एक प्रश्न विचारला. इस्पितळ दूर असेल तर बाळाने वाट पाहायची का? त्यांनी गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, श्वास मोजून न्यूमोनिया ओळखणे, जंतुसंसर्ग झाल्यास औषध देणे, हे सारे त्या घरी जाऊन करू लागल्या. त्या गावांत जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील मृत्यूंचा दर हजारी सुमारे ६२ वरून २५ च्या आसपास उतरला. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या नवजात बाळाला घरी जाऊन तपासू लागल्या, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

निरोगी बाळांची देणगी : दिल्लीच्या एम्स रुग्णालयात १९८० च्या दशकात काही नवजात बाळांत रोटा नावाचा हगवणीचा विषाणू आढळला, पण ती बाळे आजारी मात्र पडली नाहीत. डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले की हा सौम्य विषाणू बाळांना पुढे संरक्षण देतो. बाळाकडून मिळालेल्या त्या विषाणूपासूनच अनेक वर्षांच्या कामानंतर भारतीय लस तयार झाली. २०१६ पासून रोटाची लस सरकारी लसीकरणात आली. म्हणजे कुठल्याशा पाळण्यातल्या निरोगी बाळाने नकळत लाखो बाळांना आपल्यातले काहीतरी दिले. त्याचे नाव कोणालाच माहीत नाही.

दोन थेंब : १९९५ मध्ये देशात पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. रविवारी सकाळी शीतपेटी खांद्याला अडकवून चौथा मजला चढणाऱ्या, दारावर खडूने खूण करून पुढच्या घराकडे वळणाऱ्या त्या ताईंना आपल्यापैकी किती जणांनी पाणी विचारले असेल?

५. घरातले हात

ओळख नसलेल्यांचे आभार मानताना घरातली माणसे विसरून चालणार नाही.

बाळंतपण एका माणसाचे काम नाही. पहाटे उठून डिंकाचे लाडू वळणारी, अळिवाची खीर ढवळणारी, बाळंतशोपा भाजणारी आई असते. (हा बाळंतशोपा म्हणजेच गुजरातीतला 'सुवा', शेजारच्या बेन तो डबीत भरून आणून देतात आणि काटलुंचे दोन तुकडेही ठेवून जातात.) दुपट्यांची दोरी सांभाळणारी सासू असते. रात्री दोन वाजता रडणारे बाळ खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणारा बाप असतो. लसीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवणारे आजोबा असतात. बाळाला हसवायला तोंडे वेडीवाकडी करणारी दादा-ताई मंडळी असतात. विद्यार्थी मित्रांनो, हे शेवटचे काम तुमचे, आणि ते लहान समजू नका. बाळ बोलायला शिकते ते त्याच्याशी बोलणाऱ्या माणसांमुळेच.

इथे पालकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. घरी येणारे दहा जण बाळाची चौकशी करतात. बाळंतिणीची एखादाच करतो. बाळंतपणानंतर काही आयांचे मन खिन्न होते, झोप येत नाही, रडू येते, कशातच जीव लागत नाही. याला 'नखरे' म्हणू नये. ते दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. "तू जेवलीस का? तू झोप, बाळाला मी पाहते," असे म्हणणारे माणूस ज्या घरात असते, ते घर श्रीमंत. माझ्या वाट्याला असे घर आले आणि त्याचे मोल मला कळते.

६. प्रेम आणि माहिती

वडीलधाऱ्यांचे आभार मानणे म्हणजे त्यांचे सगळेच ऐकणे, असे नाही. जुन्या चालींतल्या काही उत्तम आहेत: बाळंतिणीला विश्रांती, पौष्टिक अन्न, बाळाला हलक्या हाताने तेल लावणे, अंगाला अंग लावून उबेत ठेवणे. काही मात्र सोडायला हव्यात. पहिले घट्ट दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते टाकून देऊ नये; बाळाला रोगांपासून वाचवणारी द्रव्ये त्यात भरपूर असतात. पहिले सहा महिने आईचे दूधच पुरते, वरचे पाणीही लागत नाही. वर्ष पुरे होईपर्यंत मध चाटवू नये. त्यातून क्वचित एका घातक जंतूचे बीज बाळाच्या पोटात जाऊ शकते. नाळेवर राख, हळद, तेल लावू नये. ती कोरडी आणि स्वच्छ ठेवावी. डोळ्यांत काजळ घालू नये. हौस असेल तर तीट पायाच्या तळव्याला लावावी.

हे घरात सांगायचे कसे? भांडून नव्हे. आजीने मध चाटवला तो प्रेमाने, आणि आता थांबवायचा तोही प्रेमानेच. आजींना डॉक्टरांकडे बरोबर न्यावे, त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्यावेत. ज्या बायकांनी सटवाईच्या रात्री जागून काढल्या, त्यांना बाळाच्या जिवाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. नवी माहिती मिळाली की सर्वांत कडक पहारा त्याच ठेवतात.

७. कृतज्ञता आणि अभिमान

या पाठातला सर्वांत अवघड भाग हा आहे. "आमचे बाळ अगदी निरोगी, देवाची कृपा!" असे आपण सहज म्हणतो. त्याच खोलीत अशी एखादी आई बसलेली असते जिचे बाळ काचेच्या पेटीत आहे, किंवा जिच्या मुलाला ऐकू येत नाही, किंवा जिची कूस रिकामी राहिली. मग तिच्यावर कृपा नाही का? निरोगी मूल हे पुण्याचे बक्षीस नाही आणि आजारी मूल ही पापाची शिक्षा नाही. असे मानणारा समाज आजही पिठोरीच्या कहाणीतल्या सुनेला घराबाहेर काढतो.

खरी कृतज्ञता मिरवत नाही, ती वाटून घेते. आपल्याला मिळाले ते दुसऱ्यालाही मिळावे, असे ज्याला वाटते त्यालाच मिळाल्याचे मोल कळले. मुलगी झाली म्हणून पेढ्यांऐवजी बर्फी वाटून गप्प बसणे हीसुद्धा कृतघ्नताच. सुखरूप बाळ हेच वाक्य पूर्ण आहे. मुलगा की मुलगी, हे त्याच्या नंतर.

विश्वस्त मंडळींना एक नम्र सूचना. ज्या मुलांना चालता, ऐकता किंवा वाचता येण्यात अडचण आहे त्यांच्यासाठी जिन्याशेजारी उतरण, पुढचे बाक आणि थोडी सवड एवढे जरी शाळेने दिले, तरी ती कृतज्ञतेची उत्तम कृती ठरेल.

८. काय करता येईल?

(अ) घरातल्या बाळाचे ममता कार्ड काढून पाहा. जन्मताच, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, नवव्या महिन्यात आणि दीड वर्षाच्या सुमारास द्यायच्या लसी झाल्या आहेत का ते तपासा. राहिली असेल तर आरोग्य केंद्रात विचारा. उशिरा का होईना, बहुतेक लसी देता येतात.

(आ) तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या बाळाचे कार्ड आहे का, हेही विचारा. नसेल तर एक दिवस सुटी देऊन त्यांना अंगणवाडीत जाऊ द्या.

(इ) पोलिओच्या रविवारी दार लवकर उघडा आणि आधी पाण्याचा पेला द्या.

(ई) ओआरएसची एक पुडी घरात ठेवा. ती एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळायची, आणि ते पाणी चोवीस तासांत संपवायचे किंवा टाकून द्यायचे.

स्वाध्याय

१. आजी-आजोबांच्या दंडावरचा देवीचा वण पाहा. लस कुठे आणि कोणी टोचली, तेव्हा काय वाटले, ते विचारून दहा ओळी लिहा.

२. अर्भक मृत्युदर म्हणजे काय? ४०० बाळांमागे १२९ आणि २८ या दरांनी किती बाळे दगावतील? दोन्ही उत्तरांतला फरक काढा आणि तो फरक म्हणजे किती मुलांचा वर्ग भरेल, ते सांगा.

३. सलाइन न देता फक्त पाजलेल्या पाण्याने पटकीचे रुग्ण कसे वाचले? साखरेचे त्यातले काम आपल्या शब्दांत लिहा.

४. तुमच्या घरातली बाळंतपणाची एक चाल निवडा. ती का पडली असावी आणि आज ठेवावी की सोडावी, यावर घरातल्या मोठ्यांशी बोलून उत्तर लिहा.

५. तुम्ही जन्मलात त्या दिवशी इस्पितळात किंवा घरी कोण कोण हजर होते? त्यांची यादी करा. त्यांतल्या एकाला आज जाऊन सांगा, "मी सुखरूप आहे."

पाचवा प्रश्न पालकांनीही सोडवावा. त्याला गुण नाहीत.

— एक पालक, माजी विद्यार्थिनी